त्रैराशिक कुठे थांबतं? मोटरस्पोर्टमधलं गणित आणि ते उशिरा शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत टर्नर (लेथवर काम करणारा) आहे आणि सुट्टीच्या दिवशी टीएसडी रॅलीत मित्राच्या गाडीत नेव्हिगेटर म्हणून बसतो. दहावीला गणितात काठावर पास झालो, आयटीआय केली आणि सदतिसाव्या वर्षी पुन्हा गणिताचं पुस्तक उघडलं. तेव्हापासून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या टपरीवर, रॅलीच्या स्टार्टला तेच तेच प्रश्न येतात. एकदाच लिहून टाकतो. ज्यात मी स्वतः आपटलो, ती उत्तरं लांबली आहेत.

गाडी पळवायला गणित कशाला? हात पाहिजे, छाती पाहिजे.

पळवायला नाहीच लागत. चांगल्या ड्रायव्हरचं अंगच हिशोब करतं. पण शेजारी बसलेला नेव्हिगेटर, गिअर निवडणारा मेकॅनिक, घड्याळ घेऊन उभा असलेला टाइमकीपर आणि डेटा बघणारा इंजिनिअर, हे सगळे दिवसभर आकडेमोडच करत असतात. ड्रायव्हरलाही "आज मी हळू का?" असा प्रश्न पडला, की त्याचं उत्तर हातात सापडत नाही, वहीत सापडतं.

टीएसडी म्हणजे काय? तिथे एवढं काय गणित असतं?

टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता ठरलेला, सरासरी वेग ठरलेला, आणि तो कायद्याच्या मर्यादेत. कोण पहिला पोहोचला याला किंमत नाही, कोण बरोबर वेळेवर पोहोचला याला आहे. उशीर झाला तर सेकंदामागे दंड, आणि लवकर पोहोचलात तर बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या नाशिकच्या आसपास झाल्या आहेत, तिथला धुरळा आणि उड्या वेगळ्या. टीएसडी म्हणजे कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन केलेली रॅली.

माझी पहिली रॅली. एक टप्पा २० किलोमीटरचा, सरासरी ४० ची. म्हणजे अर्धा तास. पहिल्या १० किलोमीटरमध्ये ट्रॅक्टर, शेळ्या आणि एक लग्नाची वरात, त्यामुळे आमची सरासरी ३० पडली. मी छातीठोकपणे सांगितलं, "पुढचे १० किलोमीटर ५० ने हाण. तीस आणि पन्नासची सरासरी चाळीस." मित्राने काट्यासारखा ५० चा वेग धरला. कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवतात त्या ठिकाणी, पोहोचलो तर दोन मिनिटं उशीर. १२० सेकंदांचा दंड! मी तावातावाने म्हणालो की यांचं घड्याळ चुकलंय. तिथल्या काकांनी शांतपणे कागद पुढे केला.

पहिले १० किलोमीटर ३० ने म्हणजे २० मिनिटं. पुढचे १० किलोमीटर ५० ने म्हणजे १२ मिनिटं. बेरीज ३२. वेगांची सरासरी काढायची नसते. अंतराची बेरीज आणि वेळेची बेरीज करून भागायचं असतं. हळू चाललेली गाडी त्या हळूपणात जास्त वेळ घालवते, म्हणून हळू वेगाचं वजन जास्त पडतं. मला उरलेल्या १० मिनिटांसाठी ६० सांगायला हवं होतं, आणि त्या रस्त्यावर ६० शहाणपणाचं नव्हतं. म्हणजे खरं उत्तर होतं "दंड घे आणि गप्प बस." तेही गणितातूनच कळतं.

आता एक कोडं. पहिले १० किलोमीटर २० च्या सरासरीने गेलो असतो, तर पुढचे १० किती वेगाने जायला हवे होते? उत्तर शेवटच्या प्रश्नात.

म्हणजे सगळं त्रैराशिकच ना?

इथेच माझी पंधरा वर्षं गेली. आपल्याकडे व्यवहारातलं गणित म्हणजे त्रैराशिक. पाच किलो द्राक्षं इतक्याला, तर आठ किलो कितीला? एक दुप्पट झालं की दुसरं दुप्पट. पेट्रोल, मजुरी, एका लॅपचं (ट्रॅकच्या एका फेरीचं) अंतर आणि साठ लॅपचं अंतर, या सगळ्याला ते पुरतं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, आणि फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. भागाकार करा, ६० लॅप येतात. २०११ ते २०१३ तिथे ६० लॅपच होत्या.

पण गाडी जोरात पळायला लागली, की त्रैराशिक दगा देतं. तिथून वर्ग सुरू होतो.

ब्रेकचं बघा. कोरड्या डांबरावर, टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरली तर ताशी ६० वरून थांबायला साधारण १८ मीटर लागतात (ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ सोडून). १२० वरून किती? त्रैराशिकवाला म्हणेल ३६. खरं उत्तर ७१. वेग दुप्पट, अंतर चौपट.

बोअरिंगचं बघा. स्प्लेंडरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय (π) गुणिले स्ट्रोक केलं की ९७.२ सीसी येतं, कागदपत्रावर असतं तेवढंच. एक मिलीमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर बोअर फक्त दोन टक्क्यांनी वाढला, पण सीसी १०१.१ झाली, म्हणजे चार टक्के. नियमात १०० सीसीची सरळ मर्यादा असेल तर तुम्ही तपासणीतच बाहेर. अर्धा मिलीमीटर टाकला असता तर ९९.१ वर आत राहिला असता.

आणि वळण. वळणाची त्रिज्या ५० मीटर, पकड ०.९. पकड गुणिले ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले त्रिज्या, ४४१ येतात. वर्गमूळ २१. म्हणजे सेकंदाला २१ मीटर, ताशी साधारण ७६. आता बाहेरून येऊन, आत टेकून, पुन्हा बाहेर गेलात आणि त्रिज्या ६० ची केलीत, तर वर्गमूळ २३ येतं, ताशी ८३. टायर तोच, इंजिन तेच, ताशी सात किलोमीटर फुकट. "रेसिंग लाइन" म्हणून जे सांगतात ते हे वर्गमूळ. मला हे वहीत सुटलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर पटकन कसे करायचे?

३.६ ने भागा. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं पाठ होतं. औट म्हणजे साडेतीन. तोंडी हिशोबाला औटाने भागलं तरी चूक तीन टक्क्यांच्या आतच राहते. ७२ ला २० असं एक लक्षात ठेवलं की बाकीचं अंदाजाने जमतं.

टायरमध्ये हवा सकाळी बरोबर भरली, तीन लॅपनंतर जास्त दाखवते. गेज खराब आहे का?

गेज बरोबर आहे, हवा तापली आहे. हे गणित मला सगळ्यात आवडतं, कारण यात त्रैराशिक चालतं, पण आधी शून्य कुठे आहे ते शोधावं लागतं.

डिसेंबरातली नाशिकची सकाळ, १२ अंश. टायरमध्ये ३० पीएसआय. पळून टायरमधली हवा ६२ अंशांवर गेली. सरळ त्रैराशिक मांडा: १२ ला ३०, तर ६२ ला किती? उत्तर १५५ पीएसआय. टायर केव्हाच फुटला! चूक अशी की १२ अंश हे "शून्यापासून बारा" नाही. पाणी गोठतं तिथे आपण शून्य लिहिलं, हवेचं खरं शून्य त्याच्याखाली २७३ अंशांवर आहे. म्हणून १२ चे २८५ करायचे, ६२ चे ३३५. गेजचंही तसंच. गेज बाहेरच्या हवेच्या वर किती आहे ते दाखवतं, म्हणून बाहेरच्या हवेचे साधारण १४ पीएसआय मिळवायचे. समुद्राकाठी ते १४.७ असतं. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे थोडं कमी.

३० चे झाले ४४. ४४ गुणिले ३३५ भागिले २८५, सुमारे ५१.७. त्यातून १४ वजा. गेजवर ३७.७. सकाळी ३० भरलेला टायर जवळपास आठ पीएसआय चढला. म्हणून अनुभवी माणूस गरम टायरला किती दाब हवा ते आधी ठरवतो आणि उलटा येत सकाळचा आकडा काढतो.

उंचीचा विषय निघालाच आहे तर, टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का ताकद गमावतं. मुंबईहून आलेला गडी "गाडी ओढत नाही" म्हणतो तेव्हा त्यातले पाच-सहा टक्के कसाऱ्याच्या घाटातच राहिलेले असतात.

ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते, त्यात गणित काय?

१००० किलोची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर, पकड ०.८ धरून पूर्ण ब्रेक. १००० गुणिले ०.८ गुणिले ०.५ भागिले २.५. मागच्या चाकांवरचे १६० किलो पुढच्या चाकांवर जातात. गाडी खाली बसवली की हा आकडा का कमी होतो, ते सूत्रातच दिसतं. स्प्रिंगा कापणाऱ्या पोरांना एवढं कळलं तरी खूप. (स्प्रिंगा कापू नका.)

फॉर्म्युला वनमध्ये पिटला कधी यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो ना? मग आपल्याला कळून काय उपयोग?

कॉम्प्युटर हजारो शक्यता चालवून बघतो हे खरं. पण गाभा दहावीच्या पुस्तकात आहे. अंकगणित श्रेढी. मी दहावीत हा धडा ऑप्शनला टाकला होता.

समजा टायर दर लॅपला एक दशांश सेकंदाने मंदावतो. पहिली लॅप पूर्ण वेगात, दुसरी ०.१ ने हळू, तिसरी ०.२ ने. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, गेलं की २० सेकंद जातात. शर्यत ३० लॅपची. न थांबता धावलात तर एकूण तोटा ० + ०.१ + ०.२ असं करत २.९ पर्यंत, म्हणजे ४३.५ सेकंद. मध्यावर एकदा थांबून नवे टायर घातलेत तर १५-१५ लॅपचे दोन तुकडे, प्रत्येकात १०.५, मिळून २१, अधिक पिटचे २०. एकूण ४१. थांबणं अडीच सेकंदांनी स्वस्त.

आता शर्यत २८ लॅपची करा. न थांबता ३७.८. थांबून १८.२ अधिक २०, म्हणजे ३८.२. आता न थांबणं फायद्याचं! दोन लॅप कमी झाल्या आणि निर्णय उलटला. पावसामुळे शर्यत छोटी केली की पिटच्या भिंतीपाशी बसून डावपेच ठरवणारी माणसं अचानक डोकं का धरतात, ते मला हे गणित मांडल्यावर समजलं. खऱ्या शर्यतीत पेट्रोल जळून गाडी हलकी होते, समोर ट्रॅफिक येतो, सेफ्टी कार येते. ते सगळं या बेरजेवर चढवत जायचं.

हजारांश सेकंद मोजून काय करायचंय?

ताशी २०० ने जाणारी गाडी एका हजारांश सेकंदात साडेपाच सेंटिमीटर जाते. तीन बोटं. तरी १९९७ मध्ये स्पेनच्या हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत विल्नेव्ह, शूमाखर आणि फ्रेन्ट्झेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी तंतोतंत सारखी आली. मग गणित संपलं आणि ज्याने आधी वेळ लावली त्याला पहिली जागा मिळाली, म्हणजे विल्नेव्हला.

मोबाईलमध्ये ॲप आहे, ते सगळं काढून देतं. मग?

वापरा. मीही वापरतो. पण ॲपला दाब बारमध्ये हवा असतो आणि तुम्ही ३० टाकता. ३० बार म्हणजे ४३५ पीएसआय. ॲप हूं की चूं न करता उत्तर देतं. उत्तर बघून "हे शक्य नाही" म्हणणारा माणूस गाडीत हवा.

वय झालं. आता डोक्यात शिरेल का?

शिरतं, पण वेळ लागतो, आणि पहिला अडथळा डोक्याचा नसतो, लाजेचा असतो. मी गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म काढला आणि विचारलं, "मुलाचं नाव?" मी मुलीचं नाव सांगून बाहेर आलो. तिला क्लास नको होता. घरी आल्यावर तिने भांडण काढलं आणि मग खरं काय ते कळल्यावर नववीचं पुस्तक माझ्यासमोर आदळून म्हणाली, "बाबा, बसा." माझी मास्तरीण ती. मार देत नाही, पण उसासे टाकते.

एक गोष्ट मात्र उशिरा शिकणाऱ्याच्या बाजूने असते. शाळेत "एक रेल्वे ताशी ६० ने जाते" हे वाचून मला काहीच वाटायचं नाही. आता त्या रेल्वेच्या जागी आमची गाडी असते आणि दंड माझ्या खिशातून जातो.

सुरुवात कुठून करू? पहिलीपासून?

नको. पहिल्या धड्यापासून सुरू करणारे तिसऱ्या धड्याला सोडतात, मी दोनदा सोडलं. स्वतःचा एक आकडा घ्या, गाडीचं मायलेज, लॅप टाइम, टायरची हवा, आणि तो सोडवताना जिथे अडाल तो धडा उघडा. बालभारतीची पुस्तकं मराठीत, पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आठवीतला "चलन" हा धडा आधी वाचा. समचलन म्हणजे आपलं त्रैराशिक, व्यस्त चलन म्हणजे वेग वाढला की वेळ कमी. मग एकके, वर्ग आणि वर्गमूळ, सूत्र फिरवून हवी ती गोष्ट एकटी काढणं, आलेख. शेवटच्या दोन गोष्टींवर महिना गेला तरी चालेल. सूत्र फिरवता आलं की निम्मी भीती जाते.

मी पहाटे साडेपाच ते सव्वासहा बसायचो, पहिल्या शिफ्टची बस यायच्या आत. रात्री बसून बघितलं, वहीवर लाळ सांडलेली सापडायची.

कागद हवा असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावीचं गणित कोणत्याही वयात देता येतं, आणि नाशिकजवळ गोवर्धनला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीही उभं आहे. नुसतं समजून घ्यायचं असेल तर कागदाची गरज नाही.

त्रिकोणमिती खरंच लागते का? साइन, कॉस, टॅन बघून घाम फुटतो.

मलाही फुटायचा, आणि गंमत म्हणजे मी रोज टॅन वापरत होतो. लेथवर टेपर (एका टोकाला निमुळता होत जाणारा जॉब) काढायचा तर मोठा व्यास वजा छोटा व्यास, भागिले दुप्पट लांबी. हा टॅन. पंधरा वर्षं तो मी भिंतीवरच्या तक्त्यावरून बघून कंपाउंड स्लाइड फिरवत होतो. मुलीने काटकोन त्रिकोण काढला तेव्हा मी म्हटलं, "अगं, हा तर जॉब आहे!" चाकाचा कॅम्बर कोन (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो), सस्पेन्शनच्या आर्मचा तिरपेपणा, घाटाचा चढ, सगळीकडे तोच त्रिकोण आडवातिडवा पडलेला असतो.

आणि कॅल्क्युलस?

नेव्हिगेटर किंवा मेकॅनिक म्हणून राहायचं असेल तर नाही लागत. डेटा बघायचा असेल तर कल्पना तरी हवी. वेगाच्या आलेखाचा उतार म्हणजे ब्रेक किती जोरात लागला, आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे किती अंतर गेलं. एवढं कळलं की लॅपटॉपवरच्या रेघा बोलायला लागतात.

उशिरा सावरून या क्षेत्रात मोठा झालेला कोणी आहे का?

एड्रियन न्यूई. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा नावाजलेला डिझायनर. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग तांत्रिक कोर्स, मग साउथॅम्प्टन विद्यापीठातून १९८० मध्ये एरोनॉटिक्सची पदवी पहिल्या वर्गात. अर्थात तो सोळाव्या वर्षी सावरला, मी सदतिसाव्या. तुलना इथेच थांबवतो.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, बाहाची गाडी बनवतोय, अभ्यास सोडून. रागवू का?

गाडी बघून या आधी. बाहा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांच्या स्पर्धांना स्वतः बनवलेली गाडी न्यायची तर नुसतं वेल्डिंग चालत नाही. हा पाइप का, ही स्प्रिंग का, हा ब्रेक पुरेल का, हे परीक्षकांपुढे आकड्यांनी सांगावं लागतं. त्याला एकच विचारा, "तुझ्या गाडीचं वजनाचं केंद्र किती उंच आहे आणि ते तू कसं मोजलंस?" सांगता आलं तर अभ्यास चालू आहे. नाही आलं तर मग रागवा.

आकड्यांची भीतीच वाटते. काही खेळ आहे का?

आहे, आणि आपल्याच गावचा. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्यांनी १९४९ मध्ये जगाला ६१७४ हा आकडा दिला. समोरच्या एमएच १५ गाडीचा चार आकडी नंबर घ्या, चारही अंक सारखे नसावेत. समजा ३५२४. मोठ्यापासून लावा, ५४३२. लहानापासून लावा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा केलं की कोणताही नंबर तिथेच येऊन थांबतो. द्वारका सर्कलच्या कोंडीत दुसरं करायचं तरी काय? (गाडी दुसरा कोणी चालवत असेल तरच.)

हे सगळं त्र्यंबक रोडवर करून बघू का?

नाही. वर लिहिलेले ७१ मीटर कोरड्या डांबरावरचे आहेत, समोर म्हैस नसतानाचे.

कोड्याचं उत्तर?

बहुतेक जण ६० म्हणतात, वीस आणि साठची सरासरी चाळीस. मीही तेच म्हणालो असतो. २० किलोमीटर ४० च्या सरासरीने म्हणजे एकूण ३० मिनिटं. पहिले १० किलोमीटर २० ने गेलात, तर तीस मिनिटं तिथेच संपली. उरलेल्या दहा किलोमीटरसाठी हातात शून्य मिनिटं. विमान आणलं तरी उशीर.

ते कंट्रोलवरचे काका हल्ली मला भेटले की हाच प्रश्न नव्या पोरांना विचारायला लावतात.